दोन तारखांमध्ये नेमके किती दिवस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टासमोर एका वकिलांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कारकुनी करतोय. टेबलावर फायली, भिंतीवर कालनिर्णय आणि त्याच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. मुदतीचा शेवटचा दिवस सापडला की त्या चौकोनाभोवती गोल करायचा, हा रोजचा उद्योग. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक कोर्टाचं नसलेलंही विचारतात: बारसं कधी, तिकीट कधी काढायचं, एफडीचा एक दिवस कुठे गेला. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, म्हणून उत्तरं इथे मांडली आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी आला तर दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दादा, ५ तारखेपासून १० तारखेपर्यंत किती दिवस होतात? पाच की सहा?

दोन्ही. कॅलेंडरवर ५ च्या चौकोनावर बोट ठेवा आणि १० पर्यंत चौकोन मोजत जा: ५, ६, ७, ८, ९, १०. सहा चौकोन. आता चौकोन सोडून बोटाच्या उड्या मोजा. त्या पाचच. वजाबाकी नेहमी उड्या सांगते, चौकोन सांगत नाही. पाहुणे ५ ला आले आणि १० ला गेले तर त्यांना सहा दिवस चहा पाजावा लागला, पण ते मुक्कामाला पाचच रात्री होते. तारखांची जवळजवळ सगळी भांडणं या एका दिवसाची असतात. गणित कुणाचं चुकलेलं नसतं, एक चौकोन मोजत असतो आणि दुसरा उड्या.

२. मग मी कोणतं उत्तर धरायचं?

काम कसलं आहे ते आधी बघा. पद्धती तीन आहेत.

पहिलं टोक सोडायचं आणि शेवटचं धरायचं, ही कायद्याची नेहमीची रीत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ मध्ये ती सांगितली आहे, आणि १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १२ सुद्धा ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस वगळायला सांगतं. साध्या वजाबाकीचं उत्तर हेच. दुसरी पद्धत दोन्ही टोकं धरायची, म्हणजे वजाबाकी अधिक एक: हजेरी, रजा, सुतक, व्हिसा. तिसरी पद्धत दोन्ही टोकं सोडायची, म्हणजे वजाबाकी उणे एक: सभेच्या नोटिसा (प्रश्न १२). कुणी नुसतं ‘किती दिवस’ विचारलं की मी आधी उलट विचारतो, ‘कशासाठी?’ लोकांना वाटतं मी चौकशी करतोय.

३. मोबाइल हाताशी नसेल तर कागदावर कसं मोजायचं?

जवळच्या तारखा असतील तर महिन्याचे तुकडे पाडा. १५ जून २०२५ ते २ ऑक्टोबर २०२५ घेऊ. जूनचे उरलेले १५, जुलैचे ३१ म्हणजे ४६, ऑगस्टचे ३१ म्हणजे ७७, सप्टेंबरचे ३० म्हणजे १०७, आणि ऑक्टोबरचे २. एकूण १०९. कोणता महिना ३१ चा हे विसरायला होत असेल तर मूठ वळा. उंचवट्यावर येणारा महिना ३१ चा आणि खळग्यातला लहान. शेवटच्या उंचवट्यावर जुलै येतो, मग पुन्हा पहिल्या उंचवट्यापासून ऑगस्ट, म्हणून हे दोघे लागोपाठ ३१ चे.

रोजचंच काम असेल तर ही ओळ पाठ करा. महिना सुरू होण्याआधी वर्षाचे किती दिवस झाले ते तिच्यात आहे: जानेवारी ०, फेब्रुवारी ३१, मार्च ५९, एप्रिल ९०, मे १२०, जून १५१, जुलै १८१, ऑगस्ट २१२, सप्टेंबर २४३, ऑक्टोबर २७३, नोव्हेंबर ३०४, डिसेंबर ३३४. आता २ ऑक्टोबर म्हणजे २७३ अधिक २, वर्षातला २७५ वा दिवस. १५ जून हा १६६ वा. वजा केले, १०९. लीप वर्षात मार्चपासून पुढच्या प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा. आमच्या ऑफिसात ही ओळ स्टॅम्पपेपरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. कोरोनानंतर कॉम्प्युटर बदलला, पण ती कुणी काढली नाही.

४. उत्तर बरोबर आलं हे कसं तपासायचं?

वारावरून. आलेल्या दिवसांना सातनं भागा. बाकी जितकी उरेल तितके वार पुढे गेले पाहिजेत. वरच्या उदाहरणात १०९ म्हणजे पंधरा आठवडे आणि बाकी ४. १५ जून २०२५ ला रविवार होता. रविवारच्या पुढे चार मोजले की गुरुवार, आणि २ ऑक्टोबर २०२५ गुरुवारीच आला. जुळलं. एक दिवस इकडे तिकडे झाला असता तर लगेच कळलं असतं. बरोबर सात दिवसांची चूक मात्र हा ताळा पकडत नाही.

५. लीप वर्ष असेल तर काय बदलतं?

२९ फेब्रुवारी तुमच्या दोन तारखांच्या मधे येत असेल तरच एक दिवस वाढतो. १५ फेब्रुवारी ते १५ मार्च हे २०२५ मध्ये २८ दिवस होते आणि २०२४ मध्ये २९. पण २०२४ मधलेच १ एप्रिल ते १ जून घेतले तर काही फरक नाही. ‘लीप वर्ष आहे म्हणून एक मिळवला’ असं डोळे झाकून करू नका.

चारनं भाग जाणारं वर्ष लीप, हे शाळेत सगळेच शिकतात. शतकाच्या वर्षाला चारशेनं भाग जावा लागतो हे निम्मे विसरतात. २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल.

६. एक महिना म्हणजे ३० दिवसच ना?

नाही. कायद्यात ‘महिना’ म्हटलं की कॅलेंडरचा महिना. ५ मार्चपासून एक महिना ५ एप्रिलला संपतो, म्हणजे ३१ दिवस. ५ फेब्रुवारी २०२५ पासूनचा महिना ५ मार्चला संपला, तो २८ दिवसांचा. जिथे ‘३० दिवस’ लिहिलंय तिथे ३० मोजा आणि जिथे ‘एक महिना’ लिहिलंय तिथे पुढच्या महिन्याची तीच तारीख बघा. लवाद कायद्यातल्या मुदतीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट सांगितलंय की तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत.

७. ३१ जानेवारीपासून एक महिना मोजला तर कुठे येतो?

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, २८ किंवा २९ ला. तीच तारीख पुढच्या महिन्यात नसेल तर त्या महिन्याचा अखेरचा दिवस. ३ मार्चला उडी मारायची नाही.

८. एक्सेलमध्ये वजाबाकी केली तर उत्तराऐवजी भलतीच तारीख किंवा चूक का दिसते?

उत्तराच्या जागी १९०० सालची तारीख दिसत असेल तर हिशेब बरोबर आहे, फक्त खान्याचा प्रकार ‘तारीख’ राहिला आहे. तो ‘संख्या’ करा. एक्सेलच्या पोटात तारीख ही नुसती संख्या असते: १ जानेवारी १९०० म्हणजे १, १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. म्हणूनच वजाबाकी चालते.

खरी डोकेदुखी वेगळी. कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकन असेल तर तो महिना आधी वाचतो. तुम्ही ०४/०७/२०२३ लिहिता, मनात ४ जुलै असतो आणि तो ७ एप्रिल समजतो. तक्रारही करत नाही. १३/०७/२०२३ लिहिलं की त्याला तेरावा महिना सापडत नाही, मग ती तारीख न राहता नुसता मजकूर होते आणि वजाबाकी अडते. अडली तर बरंच, निदान कळतं. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला त्या आठवड्यात मी एका पक्षकाराची मुदत अशीच जवळजवळ तीन महिने आधी संपवून टाकली होती. वार जुळेना (प्रश्न ४) म्हणून सापडलं. तेव्हापासून मी महिना अक्षरांत लिहितो.

९. फक्त कामकाजाचे दिवस मोजायचे असतील तर?

एक्सेलमधलं ‘नेटवर्कडेज’ हे सूत्र शनिवार-रविवार वगळून देतं आणि सुट्ट्यांची यादी दिली तर त्याही काढतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते दोन्ही टोकं धरतं, म्हणजे सोमवार ते शुक्रवार पाच. आणि शनिवार सगळीकडे सारखा नाही. राज्य सरकारच्या कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाला, तर बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा आहे, पहिला आणि तिसरा नाही. बँकेसाठी म्हणून ते सूत्र जसंच्या तसं चालत नाही. मी सरळ कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या मारतो.

१०. मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी किंवा सुट्टीला आला तर एक दिवस वाढून मिळतो का?

काम कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात करायचं असेल आणि ते त्या दिवशी बंद असेल तर मिळतो. पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरतात (जनरल क्लॉजेस ॲक्ट कलम १०, मुदत कायदा कलम ४). पण मधे आलेल्या सुट्ट्या वजा होत नाहीत. दिवाळीची सुट्टी मुदतीच्या पोटात आली तर ती मुदतीतच जाते. लोक इथे फसतात.

आणि जे काम कोर्टात जाऊन करायचंच नाही, उदाहरणार्थ टपालानं नोटीस पाठवणं, तिथे या सवलतीच्या भरवशावर राहू नका. शनिवारीच रजिस्टर करून पावती फायलीला लावा.

११. अपिलाच्या मुदतीतून निकालाच्या नकलेचे दिवस वजा होतात म्हणे. कसे?

होतात, आणि हा हिशेब एकदा हातानं करून बघण्यासारखा आहे. समजा दिवाणी दाव्याचा निकाल ३ मार्च २०२५ ला लागला आणि जिल्हा न्यायालयात अपील करायचंय. मुदत ३० दिवस. निकालाचा दिवस सोडला तर शेवट २ एप्रिलला. आता नकलेचा अर्ज १० मार्चला दिला आणि नक्कल २१ मार्चला तयार झाली. हे १० ते २१, दोन्ही दिवस धरून, १२ दिवस तुमच्या हातात नव्हते. म्हणून ३० अधिक १२, एकूण ४२. ३ मार्चपासून ४२ वा दिवस १४ एप्रिल. त्या दिवशी डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी, कोर्ट बंद, म्हणून प्रश्न १० प्रमाणे १५ एप्रिलला दाखल केलं तरी मुदतीत.

नक्कल तयार झाली तरी तुम्ही आठवडाभर आणायला गेला नाहीत तर ते दिवस तुमच्या खात्यावर. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असते. हिशेब पहिल्या दोन तारखांचा. हे न बघितल्यामुळे विलंब माफीचे अर्ज लिहायची वेळ येते, आणि त्यात दरवेळी कुणीतरी आजारी पडलेलं असतं.

१२. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची आहे. सभा २८ सप्टेंबरला, तर नोटीस १४ तारखेला चालेल?

नाही, १३ ला सभासदांच्या हातात पडली पाहिजे. उपविधीत ‘पूर्ण’ दिवस, म्हणजे इंग्रजीतले ‘क्लिअर डेज’ म्हटलंय, त्याचा अर्थ नोटिसीचा दिवस नाही आणि सभेचाही नाही, मधले १४ मोकळे. १४ ते २७ सप्टेंबर मोजून बघा, बरोबर १४. विशेष सभेला पाच पूर्ण दिवस, हिशेब तसाच. सभेत कुणाला ठराव पाडायचा असला की तो पहिल्यांदा नोटिसीची तारीख बघतो. सेक्रेटरी साहेबांनी एक-दोन दिवस जास्तच ठेवावेत.

१३. चेक बाउन्स झालाय. नोटीस आणि केस यांच्या मुदती कशा मोजायच्या?

इथे तीन मुदती एकामागोमाग येतात, आणि एक चुकली की पुढचं सगळं कोसळतं. चेक न वटल्याचं बँकेकडून तुम्हाला १० जानेवारी २०२५ ला कळलं असं धरू. तो दिवस सोडून ३० दिवसांत नोटीस द्यायची, म्हणजे ९ फेब्रुवारीपर्यंत. त्या दिवशी रविवार होता, प्रश्न १० चा शेवट पुन्हा वाचा. समोरच्याला नोटीस १७ फेब्रुवारीला मिळाली तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, ४ मार्चपर्यंत. त्यानं दिले नाहीत तर ५ मार्चला तक्रारीचं कारण घडलं. तो दिवस सोडायचा आणि पुढे एक महिना, ३० दिवस नव्हे, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत केस दाखल करायची. कारण घडल्याचा दिवस सोडायचा की धरायचा यावर वाद होता. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये तो सोडायचा असं ठरवलं आणि २०१३ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं.

पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत केस घालणारेही भेटतात. घाई नडते.

१४. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचे ३० दिवस कधीपासून?

तुम्ही अर्ज लिहिला त्या तारखेपासून नाही, कार्यालयाला मिळाला त्या दिवसापासून. ३ मार्चला मिळाला असेल तर २ एप्रिल. आवक शिक्क्याची पोच म्हणून जपून ठेवा. जादा शुल्क भरा असं पत्र त्यांनी पाठवलं तर ते पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीत येत नाहीत. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर दिवस नाहीत, ४८ तास आहेत.

१५. कायद्यात पहिला दिवस नेहमीच सोडतात का?

नेहमीच नाही. आरोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, त्या मोजणीत रिमांडचा पहिला दिवस धरायचा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २७ मार्च २०२३ ला दिला. १ मार्चला रिमांड झाला तर साठावा दिवस २९ एप्रिल, ३० एप्रिल नव्हे. एका चौकोनावर माणूस आत की बाहेर हे ठरतं. वयाच्या मोजणीतही जन्माचा दिवस पूर्ण धरतात, ते प्रश्न २० मध्ये.

१६. बँकेनं एफडीचा एक दिवस खाल्ला असं वाटतं. खरंच तसं असतं?

सहसा नसतं. पैसे ठेवले तो दिवस धरतात, परत मिळाले तो दिवस धरत नाहीत. दोन्ही धरले तर एक दिवसाचं व्याज फुकट मागितल्यासारखं होईल, कारण मुक्काम रात्रींचा असतो. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी ९१ दिवस ठेवले तर साध्या व्याजानं १,७४५ रुपये २१ पैसे होतात. एका दिवसाचा फरक १९ रुपये १८ पैसे. बचत खात्यावर १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात. त्याआधी दहा तारखेच्या आत पैसे भरायची धावपळ असायची, ती आमच्या पिढीला आठवत असेल.

सरकारी रोख्यांचा हिशेब मात्र वेगळाच. तिथे प्रत्येक महिना ३० चा आणि वर्ष ३६० चं धरतात. सरकारच्या ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांना खरे दिवस मोजतात.

१७. गणपतीला गावी जायचंय. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तर नेमकं कोणत्या सकाळी?

नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली आणि त्यात प्रवासाचा दिवस मोजत नाहीत. म्हणजे साधी वजाबाकी. २५ ऑगस्टच्या गाडीसाठी ऑगस्टचे २५ मागे गेलो की ३१ जुलै, आणखी ३१ मागे ३० जून, उरलेले चार मागे २६ जून. त्या सकाळी आठ वाजता बसायचं. कोकणातल्या गाड्यांना आठ वाजून पाच मिनिटांनी काय दिसतं ते चाकरमान्यांना सांगायला नको.

त्याहून मोठी चूक मध्यरात्रीच्या गाडीची. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.२० असेल तर घरून १४ च्या रात्री निघायचं. १५ च्या रात्री स्टेशनवर पोचलेलं एक कुटुंब मी सामानासकट परत येताना पाहिलंय.

१८. दहावा, तेरावा आणि बारसं यांचे दिवस कसे धरायचे?

चौकोन मोजायचे. निधनाचा दिवस पहिला. ४ तारखेला माणूस गेला तर दहावा १३ ला, तेरावा १६ ला. तारखेत ९ आणि १२ मिळवायचे, १० आणि १३ नाही. बाराव्या दिवशीचं बारसंही तसंच: जन्म ४ चा, तर बारसं १५ ला. निधन मध्यरात्रीनंतर झालं तर काही घरांत सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस धरतात. ते गुरुजींना विचारा, कॅलेंडरला नाही.

गणपतीचंही असंच. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर पाच दिवसांचे ३१ ऑगस्टला आणि सात दिवसांचे २ सप्टेंबरला गेले. ‘दहा दिवसांचा’ म्हणवणारा मात्र ६ सप्टेंबरला, म्हणजे अकराव्या दिवशी. तिथीचा खेळ, प्रश्न २२ पाहा.

१९. डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख आणि आजीनं मोजलेली जुळत नाही. कुणाचं खरं?

आजीचे नऊ महिने नऊ दिवस आणि डॉक्टरांचे २८० दिवस, अंतर अगदी थोडं आहे. दोघंही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजत असतील तर १० जून २०२५ वरून डॉक्टरांची तारीख १७ मार्च २०२६ आणि आजीची १९ मार्च. डॉक्टरांचा तोंडी हिशेबही सोपा आहे: तारखेत सात मिळवा, महिन्यातून तीन वजा करा. महिने सारख्या लांबीचे नसल्यामुळे तो २८० शी कधी जुळतो, कधी एक ते तीन दिवस सरकतो. सोनोग्राफीनंतर ही तारीख बदलली तर बदललेली धरा. आणि बाळ यातलं काही वाचून येत नाही.

२०. माझी कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. मग मी ३१ मे ला निवृत्त कसा?

तुमच्यासारखे खूप आहेत. पूर्वी शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. त्यामुळे अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि दरवर्षी ३१ मे ला सरकारी कार्यालयांत निरोप समारंभांची रांग.

नियम असा: ज्या महिन्यात निवृत्तीचं वय पुरं होतं त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. जन्माचा दिवस पूर्ण धरला की १ जूनला जन्मलेल्याचं ५८ वं वर्ष ३१ मे च्या रात्री पुरं होतं. म्हणजे महिना मे. २ जूनला जन्मलेल्याचं १ जूनला पुरं होतं, म्हणून तो ३० जूनपर्यंत पगार घेतो. गुरुजींनी एक आकडा पुढचा लिहिला असता तर! सज्ञान होण्याच्या कायद्यातही जन्मदिवस पूर्ण धरायला सांगितलंय. अठराव्या वाढदिवसाची सुरुवात झाली की माणूस सज्ञान, जन्माची वेळ संध्याकाळची असली तरी.

२१. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचं वय कसं मोजायचं?

दिवसांत मोजलं तर अडचणच नाही. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्मले आणि १० एप्रिल १९९५ ला गेले. वजाबाकी करा: ३६,१९९ दिवस. खरा वाढदिवस मात्र आयुष्यात २३ वेळाच आला. १९०० लीप नसल्यामुळे (प्रश्न ५) पहिला वाढदिवस थेट आठव्या वर्षी, १९०४ मध्ये.

२२. वर्षश्राद्धाला दरवर्षी तारीख का बदलते? तिथीचं वर्ष किती दिवसांचं?

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. गुढीपाडवा ३० मार्च २०२५ ला होता, पुढचा १९ मार्च २०२६ ला: मधे ३५४ दिवस. त्याच्या पुढचा ७ एप्रिल २०२७ ला: मधे ३८४, कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ.

एकेक तिथीही २४ तासांची नसते. सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची, म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय गाठते आणि एखादी एकही नाही. २०२५ चं नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. माळा दहा झाल्या. तिथींची वजाबाकी करू नका. आधी दोन्हींच्या तारखा पंचांगातून काढा, मग तारखा वजा करा.

२३. शिवाजी महाराज किती दिवस जगले, हे काढता येतं का? मुलाच्या प्रकल्पाला हवंय.

येतं, पण दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरमधल्या घ्या. १९ फेब्रुवारी १६३० आणि ३ एप्रिल १६८० या दोन्ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनमध्ये त्याच १ मार्च १६३० आणि १३ एप्रिल १६८० होतात. पोर्तुगालनं नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत लांबवलं, तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ आला. म्हणून त्या काळातल्या पत्रावर तारीख दिसली की ती कुणी लिहिली ते आधी बघायचं.

ज्युलियननं मोजा: १९ फेब्रुवारी १६३० ते १९ फेब्रुवारी १६८० पन्नास वर्षं, म्हणजे १८,२५० आणि मधले १२ लीप दिवस, १८,२६२. पुढे ३ एप्रिलपर्यंत ४४ दिवस, १६८० लीप होतं हे धरून. एकूण १८,३०६. ग्रेगोरियननं मोजलं तरी १८,३०६ च येतात, करून बघा. एक तारीख इकडची आणि एक तिकडची घेतली की दहा दिवस गायब होतात. एक्सेलला हे विचारू नका. त्याचं कॅलेंडर १९०० ला सुरू होतं, आणि त्यातही त्यानं कधीच न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० धरलेला आहे.